‘गेममुळे’ हा शब्द मीही छापलाय

थोडं मोठं लिहितोय. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात गावातल्या एका पालकसभेला बोलावणं होतं. विषय: मोबाइल गेम आणि मुलं. त्याच्या चार दिवस आधी शाळा सुटल्यावर नववीतल्या दोन पोरांची मारामारी झाली होती, एकाच्या भुवईवर टाके पडले. सभेत एक काका उठले आणि म्हणाले, “हे सगळं त्या गोळीबाराच्या गेममुळे. पत्रकारसाहेब, तुम्ही यावर जोरात लिहा.” टाळ्या पडल्या. मीही मान हलवली. पण घरी येईपर्यंत एक जुना मथळा डोक्यातून जाईना. तो माझाच होता.

२०१९ ची गोष्ट. तेव्हा पबजीचं वेड ऐन भरात होतं. तालुक्यातल्या एका दहावीच्या मुलाने शेजारच्या मुलाच्या डोक्यात स्टंप घातला. पोरगा वाचला. मला रात्री नऊच्या आत बातमी द्यायची होती. एकाला फोन केला, तो म्हणाला, “पोरगं सारखं मोबाइलमध्ये असायचं म्हणे.” एवढ्यावर मी मथळा दिला: ‘पबजीच्या नादात मित्रावर हल्ला’. दुसऱ्या दिवशी बातमी सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली.

काही महिन्यांनी त्या मुलाची आई आठवडी बाजारात भेटली. भांडली नाही. इतकंच म्हणाली, “दादा, आमच्या घरी तेव्हा बटणांचा फोन होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं.” घरात बाप दारू पिऊन मारायचा, आणि त्याच गोष्टीवरून पोराला गल्लीत चिडवायचे, हे मला तेव्हा कळलं. मी दुरुस्ती छापली नाही. कुणी मागितली नव्हती, आणि मीही दिली नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमीत काय, कुठे, कधी, कोण, कसं आणि का हे सगळं आलं पाहिजे. पहिली पाच उत्तरं रात्री नऊपर्यंत मिळतात. ‘का’ मिळत नाही. मग त्या रिकाम्या जागेत त्या दिवसांत जे हवेत असेल ते आपण भरतो. हे फक्त माझ्या तालुक्यात होतं असं नाही. याला सत्तर वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो व्हिडिओ गेमच्याही आधी सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बालगुन्हेगारीची मोठी चर्चा होती. तेव्हा गेम नव्हते, कॉमिक्स होते. १९४८ च्या सुमारास काही गावांत शाळकरी पोरांकडूनच कॉमिक्सची होळी करवली गेली. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं होतं की गुन्ह्यांची आणि भयकथांची कॉमिक्स मुलांना बिघडवतात. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने सुनावण्या घेतल्या. प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि कित्येक मासिकं बंद पडली.

वर्थम वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी अगदी कमी पैशांत चालणारं मानसोपचार केंद्र त्याने उभं केलं होतं. मुलांची त्याला खरी कळकळ होती. पण त्याची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली, आणि कॅरल टिली या संशोधिकेने ती तपासली तेव्हा दिसलं की त्याने मुलांच्या नोंदींत फेरफार केले होते. काही ठिकाणी घरातली मारहाण, इतर त्रास गाळून टाकला आणि कॉमिक्स तेवढं ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला तो बटणांचा फोन आठवला. चांगल्या हेतूनेही माणूस ‘का’ची जागा चुकीची भरतो.

मग आला गेम. १९७६ साली अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचं यंत्र आलं. पडद्यावर काड्यांसारख्या आकृत्या पळायच्या, गाडीखाली चिरडल्या की किंकाळी आणि तिथे क्रॉस उभा राहायचा. कंपनी म्हणायची ती माणसं नाहीत, भुतं आहेत. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली आणि गेमचं नाव घरोघरी पोहोचलं. १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला, त्यात हरलेल्याचं मुंडकं उपटता यायचं. डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटर जो लीबरमन यांनी सुनावणी घेतली. त्यातून १९९४ मध्ये वयोगटानुसार गेमवर शिक्का मारायची पद्धत सुरू झाली. ही गोष्ट चांगली झाली असं माझं मत आहे. पालकाला डब्यावर वाचता तरी येतं की आत काय आहे.

खरा घाव बसला तो २० एप्रिल १९९९ ला. कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं, मग स्वतःला संपवलं. दोघे ‘डूम’ नावाचा गोळीबाराचा गेम खेळायचे. जगभर मथळे झाले. पीडित कुटुंबांनी गेम कंपन्यांवर दावे लावले, ते २००२ मध्ये फेटाळले गेले.

‘डूम’च्या गोंगाटात मागे काय राहिलं ते बघा. या दोघांपैकी एकाने इंटरनेटवर उघड धमक्या लिहिल्या होत्या, आणि एका कुटुंबाने वर्षभर आधी त्याची तक्रार केली होती. घरझडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशापर्यंत गेलाच नाही. तीन बंदुका १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने प्रदर्शनातून आणून दिल्या होत्या, कसलीही पार्श्वभूमी तपासली न जाता. ‘डूम’ त्या काळात लाखो पोरं खेळत होती. लिहून दिलेली धमकी आणि हातात आलेली बंदूक त्या दोघांचीच होती.

१६ एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. त्याचं नाव जाहीर व्हायच्या आधीच टीव्हीवरचे पाहुणे गेमवर बोलायला लागले होते. चौकशीत निघालं की खोलीतल्या सोबत्यांनी त्याला कधी गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. उलट २००५ मध्ये न्यायालयाने तो स्वतःसाठी धोकादायक आहे असं मानून उपचाराचा आदेश दिला होता, आणि ती नोंद बंदूक विकणाऱ्याच्या संगणकापर्यंत पोहोचली नव्हती.

कोलंबाइननंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून एक काम केलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १९७४ ते २००० या काळातले शाळांमधले ३७ हल्ले आणि त्यातले ४१ हल्लेखोर त्यांनी एकेक करून तपासले. हिंसक गेममध्ये रस दाखवणारे निघाले १२ टक्के. स्वतःच्याच हिंसक लिखाणात, डायरीत, कवितांत रमणारे ३७ टक्के. छळ किंवा चिडवणं सोसलेले ७१ टक्के. आधी आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न झालेले ७८ टक्के. बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून आणलेली ६८ टक्के. आणि ८१ टक्के हल्ल्यांत किमान एका माणसाला आधीच कुणकुण होती. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे मित्र, वर्गातलाच.

पुढे कॅलिफोर्नियाने लहान मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घातली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की ग्रिमच्या परीकथांत काय कमी रक्तपात आहे? आपल्याकडेही आजी कंसाची, हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगायची, पोट फाडण्यासकट, आणि आपण झोपी जायचो.

आता दुसरी बाजू. नाही सांगितली तर हाही एकतर्फी मथळाच होईल. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांना मारणाऱ्याने कोर्टात सांगितलं की नेमबाजीच्या सरावासाठी आपण एक युद्धाचा गेम वापरला. प्रयोगशाळेतही हिंसक गेम खेळल्यावर थोड्या वेळासाठी चिडचिड वाढलेली काही अभ्यासांत दिसली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली: ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास छापला. मुलांनी स्वतः सांगितलेल्या आवडीवर न थांबता त्यांनी गेमची अधिकृत वर्गवारी धरली, आणि वागणुकीबद्दल पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. जपान आणि दक्षिण कोरियात गेमचं वेड अमेरिकेपेक्षा कमी नाही. बंदुकीने होणारे खून मात्र तिथे नगण्य आहेत.

आपल्याकडे काय झालं? माझ्या पिढीला ‘शक्तिमान’ आठवत असेल. तो वाचवायला येईल म्हणून मुलं जिवावरचे खेळ करतात अशा बातम्या आल्या, आणि मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजावावं लागलं. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ आला. शाळाशाळांत सूचना निघाल्या, मीही तीन बातम्या केल्या. नंतर केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की तपासलेल्या एकाही प्रकरणात या गेमचा हात सिद्ध झाला नाही. ते उत्तर आतल्या पानावर आलं, आलं असेल तर. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून पोरांना अटक झाली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर देशभर बंदी आली, पण कारण हिंसा नव्हतं. चीनशी तणाव होता, आणि देशाची सुरक्षा व लोकांची माहिती हे कारण दिलं गेलं.

जून २०२२ मध्ये लखनौला १६ वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली. पोलीस म्हणाले, गेम खेळू देत नव्हती म्हणून. मथळ्यांत पुन्हा पबजी, देशात त्यावर बंदी येऊन पावणेदोन वर्षं झाली होती तरी. पिस्तूल वडिलांचं होतं, परवान्याचं. ते पोराच्या हाती लागलं कसं, हा प्रश्न मथळ्यात मावला नाही.

मी गेमची वकिली करत नाहीये. रात्री दोनपर्यंत जागणारी पोरं मीही बघतो. गेमचं व्यसन हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटनेनेच मान्य केलंय. झोप, अभ्यास, डोळे, आईच्या खात्यातून परस्पर गेलेले पैसे, यावर बोलायलाच हवं. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गाव मोबाइल-टीव्ही बंद ठेवतं. मला ते आवडतं, कारण त्यात मोठेही फोन खाली ठेवतात. पण व्यसन वेगळं आणि डोकं फोडणं वेगळं. दोन्हींना एकच कारण लावलं की दुसऱ्याचं खरं कारण घरातच बसून राहतं. गेमला दोष दिला की कुणाचंच काही जात नाही. बापाला दारूबद्दल विचारावं लागत नाही, शाळेला चिडवण्याबद्दल नाही, ठाण्याला तक्रारीबद्दल नाही. आणि पत्रकाराला दुसरा फोन करावा लागत नाही.

म्हणून यावेळी मी तो दुसरा फोन केला. सभेनंतर दोन्ही पोरांच्या घरी जाऊन आलो. दोघेही गेम खेळतात, खरं आहे. एकाच टीममधून खेळतात, रोज. मारामारी झाली ती उसन्या दोनशे रुपयांवरून. ते पैसे परत का देता येत नव्हते, याचं उत्तर त्या घरच्या अडचणीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या वर्गशिक्षकांशी बोललोय, ते बघतायत.

हे सगळं कळायला मला एक संध्याकाळ लागली. २०१९ मध्येही तेवढीच लागली असती. त्या माउलीला सात वर्षं उशिरा का होईना, पण इथे सांगतो: ताई, मथळा चुकला होता. पेपरने नाही, मी चुकवला.

काका, तुम्ही जोरात लिहा म्हणालात. जमलं तेवढं हळू लिहिलंय. पटलं नाही तर कमेंटमध्ये बोला, भांडा. फक्त त्या दोन पोरांची नावं कुणी टाकू नका.