भिंत, दिवा आणि मधली केबल

अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळच्या रस्त्याला लागले की नांदगाव खंडेश्वर येते. गावाची ओळख खंडेश्वराच्या प्राचीन दगडी मंदिराने आणि कापूस, तूर, सोयाबीनच्या काळ्या शिवाराने झालेली. अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी आता मोबाइलच्या दुकानात चार्जर आणि इअरफोनच्या रांगेत एक बोटभर लांबीची वस्तू लटकलेली दिसते. तिच्या एका टोकाला चपटी एचडीएमआय पिन असते आणि दुसऱ्या टोकाला पंधरा छिद्रांचे निळे तोंड. दुकानदार तिला कन्व्हर्टर म्हणतो, कोणी कनेक्टर म्हणतो. ती घेणारा बहुधा शाळामास्तर असतो, नाहीतर शेतकऱ्यांची सभा लावलेला कृषी सहायक. लॅपटॉप चालू असतो, प्रोजेक्टरचा दिवाही लागलेला असतो, तरी पडद्यावर चित्र येत नाही. त्यासाठी ही एवढीशी वस्तू लागते.

चित्र भिंतीवर पाडण्याची महाराष्ट्राची हौस मात्र या पिनांपेक्षा फार जुनी आहे. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. काचा सरकवून चित्रे हलती वाटावीत, अशीही युक्ती त्यात होती. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्याच्या वीस वर्षे आधी मराठी प्रेक्षक अंधारात बसून पडद्याकडे पाहायला शिकला होता.

त्या खेळात जोडणीचा प्रश्नच नव्हता, कारण चित्र आणि दिवा एकाच यंत्रात होते. पुढे फिल्म आली तरी हे बदलले नाही. ३५ मिलिमीटर रुंदीची, चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असलेली पट्टी १९०९ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय मापाची ठरली आणि जवळपास शंभर वर्षे जगभर टिकली. वऱ्हाडाला याचा मोठा लाभ झाला. सिनेमाच्या धंद्यात सी.पी.-बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा स्वतंत्र मुलूख होता आणि त्याच्या वितरणाचे केंद्र अमरावती. मुंबईहून आलेल्या रिळांच्या पेट्या इथल्या वितरकांकडून गावोगावच्या थिएटरांत आणि तंबूत जात. पेटी कुठल्याही गावी उघडा, मशीन कुठल्याही कंपनीचे असो, रीळ त्यात बसणारच. भारनियमन, तुटलेली फिल्म, जळालेला कार्बन अशी हजार विघ्ने असत, पण ‘तुमचे रीळ आमच्या मशीनला लागत नाही’ हे कोणी कोणाला सांगितले नाही. सरकारी प्रचाराच्या गाड्यांचेही तसेच. कुटुंबनियोजनाचा आणि पंचवार्षिक योजनेचा सिनेमा घेऊन फिरणारी ती गाडी १६ मिलिमीटरचे मशीन सोबत आणी आणि चावडीसमोर पडदा बांधी.

डोळ्यांना दाखवण्याची ही हौस शेतीतही दिसते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्याच पापळ गावी १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अनेक देशांनी तिथे आपापले दालन उभारले होते. नुसते ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले शेतकऱ्याला पटते, हा त्यामागचा विचार वऱ्हाडात आजही जिवंत आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे, आणि तिथली शिवारफेरी म्हणजे तोच विचार प्रत्यक्ष पिकात उभा राहून मांडणे.

जोडणीची कटकट सुरू झाली ती चित्र विजेच्या संकेतात बदलले तेव्हा. ऐंशीच्या दशकात गणपतीत भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर गावाने पाहिला. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना मागच्या भोकांत रंगाला रंग जुळवून बसवायच्या, हे ज्ञान गावातल्या दोन-चार पोरांकडे असे. पिवळीतून चित्र, उरलेल्या दोहोंतून आवाज.

संगणकाची गोष्ट १९८७ च्या एप्रिलमध्ये सुरू होते. २ एप्रिलला आयबीएमने पीएस/२ हे संगणक जाहीर केले आणि त्यांच्यासोबत व्हीजीए ही जोडणी आणली. तीन ओळींत पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू. त्याच महिन्याच्या २० तारखेला फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती विक्रीला आणली. ती फक्त मॅकिंटॉशवर चाले आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापून देई. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. सादरीकरणाचा मजकूर आणि तो पडद्यापर्यंत नेणारी वाट, दोन्हींचा जन्म अशा रीतीने तीन आठवड्यांच्या आत झाला. पिनेला निळा रंग नंतर मिळाला, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी नव्वदच्या दशकात ठरवलेल्या रंगसंकेतातून.

व्हीजीएने पंचवीस वर्षे इमानाने काम केले. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी वेगळी तार, सोबत ओळी जुळवण्याचे संकेत. आवाज मात्र त्यातून जात नाही. त्यासाठी इअरफोनची वेगळी तार स्पीकरपर्यंत न्यावी लागते. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले मानक आले. त्यात एकोणीस पिना, चित्र अंकी स्वरूपात आणि आवाज त्याच केबलमधून. नव्या वाटेचे फायदे खरे होते. जुन्या वाटेवर उभ्या असलेल्यांचे काय, हा विचार मात्र कोणी फारसा केला नाही.

केबलच नको, असाही एक प्रयत्न आपल्याकडे झाला. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कीर्ती त्रिवेदी यांनी आयएल अँड एफएसच्या सहकार्याने ‘के-यान’ घडवले. संगणक, प्रोजेक्टर, डीव्हीडी आणि टीव्ही एकाच खोक्यात. खोके भिंतीसमोर ठेवले की वर्ग सुरू. पटवर्धनांच्या खरोलिकेप्रमाणे दिवा आणि चित्र पुन्हा एका पेटीत आले, म्हणून या यंत्राला महाराष्ट्राच्या इतिहासात मानाची जागा द्यायला हवी.

खरी अडचण २०१५ साली उभी राहिली. त्या वर्षी २२ जूनला राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय काढला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या जिल्हा परिषद शाळांनी डिजिटल वर्ग आधीच करून दाखवला होता. मग राज्यभर गावे पुढे आली. पालकांनी लोकवर्गणी काढली, शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर भेट दिले. कोरडवाहू मुलखात वर्गणी देणे सोपे नसते, तरी लोकांनी दिली. आणि नेमके हेच वर्ष संगणकवाल्यांनी निळ्या पिनेला निरोप देण्यासाठी ठरवले होते. इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी डिसेंबर २०१० मध्येच तशी घोषणा केली होती. ती घोषणा खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचण्याचे कारण नव्हते. अनेक वर्गांत छताखालून पट्टीत ओढलेली लांब केबल निळ्या पिनेची राहिली. पुढे नवा लॅपटॉप आला, तर त्याला ते तोंडच नाही.

ही दरी तो बोटभर कन्व्हर्टर भरून काढतो. दोन वेगळ्या आकारांची तोंडे जोडणे एवढेच त्याचे काम नाही. आत एक बारीक चिप असते, ती अंकी संकेताचे जुन्या पद्धतीच्या संकेतात रूपांतर करते, आणि त्यासाठी लागणारी ५ व्होल्टची वीज लॅपटॉपच्या एचडीएमआय तोंडातूनच घेते. म्हणून तो एकेरी चालतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर उलटा लावला तर काहीच होत नाही. व्हीजीएच्या जुन्या लॅपटॉपवरून नव्या टीव्हीवर जायचे असेल तर दुसरा घ्यावा लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

आता २०१४ साली आलेल्या टाइप-सीची पाळी आहे. तोंड एकच, पण प्रत्येक फोनच्या टाइप-सीतून चित्र बाहेर पडत नाही. बऱ्याच स्वस्त फोनांत ते तोंड केवळ चार्जिंग आणि फाइली पाठवण्यापुरते असते. त्यामुळे फोनवरचा धडा थेट टीव्हीवर दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाने कन्व्हर्टर घेण्याआधी आपला फोन त्याला चालतो की नाही, हे दुकानातच लावून पाहावे.

‘चित्र येत नाही’ एवढ्या कारणावरून शाळेतला प्रोजेक्टर निकामी ठरवून कपाटावर चढवणे हा गावाच्या वर्गणीवर अन्याय आहे. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी एवढे जरूर करावे: प्रोजेक्टरसोबत दोन कन्व्हर्टर आणि आवाजाची एक तार एका डब्यात ठेवावी, डब्यावर कुठल्या तोंडाकडून कुठल्या तोंडाकडे ते मराठीत लिहावे, आणि त्या डब्याची नोंद प्रोजेक्टरच्या शेजारीच जडवस्तू नोंदवहीत करावी, म्हणजे बदली झालेल्या गुरुजींबरोबर तो डबा जाणार नाही.