सहीआधीचा कागद

मंडळी, छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय करमाडच्या पोरांना परके नाही. ते १९५० साली ज्यांनी सुरू केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका सहीची ही गोष्ट.

४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाला करार लिहून दिला. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे. परत आल्यावर बाबासाहेबांनी दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. नाव शिष्यवृत्तीचे, पण अट होतीच की! १९१७ साली ते रुजू झाले. शहरात कुणी राहायला जागा देईना. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकीत. नोकरी सोडावी लागली. पुढे संस्थानाने पैसे परत मागितले. करारात वर्षे मोजलेली होती, अपमान कोण मोजणार?

१९६३ साली भारत सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती काढली, ती पुष्कळ मवाळ. व्याज नाही, शिवाय शिक्षक झालेल्याला सेवेच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. ती योजना केव्हाच संपली.

आता कर्ज बँकेचे, सवलत सरकारची. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. पण ती यादीतल्या संस्थांपुरतीच. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढते. तेव्हा गुरुजी, एखादा बाप कागद घेऊन तुमच्याकडे आला, तर व्याजाची ओळ आणि शिक्षण मध्येच सुटल्यास काय, ती ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवा. सही त्यानंतर.