सत्तावन्न म्हणजे कुठले?

आम्हां चांद्याकडच्या माणसांना साल सांगताना शतक सांगायची सवय नाही. 'सत्तावन्नचं बंड' म्हटलं की ते १८५७चं, 'बेचाळीसची चळवळ' म्हटली की १९४२ची. शतक ऐकणाऱ्याने पदरचे घालायचे. बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले ते २१ ऑक्टोबर १८५८ला. पण नुसते 'अठ्ठावन्न' म्हटले तरी इथे भागते.

संगणकाला मात्र पदरचे घालायचे कोष्टकच ठरवून दिलेले असते. एक्सेलच्या तक्त्यात वर्षाचे दोनच आकडे टाकले, तर ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९, असा त्याचा जुना शिरस्ता. म्हणजे बाबुराव १९५८ साली फासावर गेले! गडचिरोली जिल्हा तेवढा नशीबवान. तो झालाच २६ ऑगस्ट १९८२ला.

दोष तरी कुणाला द्यायचा? १९६०च्या सुमारास संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाची आणि पंचकार्डावर जागा ऐंशी अक्षरांची. शतकाचे दोन आकडे गाळले ती काटकसरच. जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब मांडणाऱ्या घरात मी वाढलो. मला ती कळते.

पण २०११ साली चिमूरकडचे एक आजोबा माझ्या टेबलाशी आले. रेल्वेतून निवृत्त. ऐंशी ओलांडलेल्या केंद्राच्या पेन्शनरला मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, त्यासाठी वय हवे होते. जन्मसाल २७. मी आकडे टाकले आणि संगणकाने वय काढले : उणे १६! उणे वयाच्या माणसाला किती टक्के द्यायचे, याचे परिपत्रक काही मला आठवेना.

"आजोबा, याच्या मते तुम्ही अजून जन्मालाच यायचे आहात."

"मंग बेचाळीसात चिमूरच्या मोर्च्यात कोन होता गा, बापू?"

१६ ऑगस्ट १९४२ला चिमूर पेटले, तेव्हा आजोबा पंधरा वर्षांचे होते. माझे हसू तिथेच विरले. तो दिवस जाणत्या वयात पाहिलेली माणसे बहुतेक १९३०च्या आधी जन्मलेली. म्हणजे आमचे सगळे साक्षीदार हा तक्ता भविष्यकाळात ढकलून मोकळा! शिवाय पैसे बुडणार ते वेगळेच.

मी मुकाट्याने चारही आकडे टाकले. १९२७. वय ८४.

"झालो का मंग पैदा?" आजोबांनी विचारले.

"झालात," मी म्हटले आणि शिक्का मारला.