नोंदवहीचा धनी कोण?

कॅरिबियन बेटांवरील माहितीच्या सुरक्षिततेविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. संगणकांवरील हल्ले, फुटलेले माहितीसाठे आणि अपुरे कायदे हे त्या लेखनाचे नेहमीचे विषय. प्रशासनाच्या इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला ही कथा दोनशे वर्षे मागे नेणे आवश्यक वाटते, कारण सरकारने आपली नोंद करू नये असे तेथील सामान्य माणसास का वाटते, याचे उत्तर जुन्या दप्तरात आहे.

१८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला. गुलामगिरी मात्र चालूच राहिली. चोरट्या मार्गाने नवे गुलाम आणले जाऊ नयेत म्हणून असलेल्या प्रत्येक गुलामाची नोंद ठेवावी, अशी कल्पना जेम्स स्टीफन या सुधारकाने मांडली. १८१२ मध्ये त्रिनिदादमध्ये ती अमलात आली. नाव, वय, उंची, अंगावरील खुणा असे त्या नोंदवहीचे रकाने होते. जमैकात १८१७ पासून दर तीन वर्षांनी अशी नोंदणी होऊ लागली. मळेवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला होता. हेतू निःसंशय चांगला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

पुढे काय झाले? १८३३ चा मुक्तीचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. ‘मालमत्ता’ गमावल्याबद्दल मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई द्यायचे ठरले. कोणाचे किती गुलाम, याचा पुरावा म्हणून सरकारने याच नोंदवह्या बाहेर काढल्या. गुलामांच्या रक्षणासाठी लिहिलेले दप्तर मालकांच्या दाव्यांचे हिशेबपत्रक झाले. ज्यांची नावे त्यात होती, त्यांना एक छदामही मिळाला नाही. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक टीप: या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला.)

मजुरांची उणीव भासू लागताच हिंदुस्थानातून गिरमिटिये नेण्यात आले. मे १८४५ मध्ये पहिली जहाजे जमैका आणि त्रिनिदादला लागली. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसे उतरली. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील होती. प्रत्येकाच्या परवान्यावर बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, वय, उंची आणि अंगावरील खूण लिहिलेली असे. त्रिनिदादमध्ये मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर पास लागे. ज्याची मुदत संपली असेल त्याला आपण मोकळे आहोत हे दाखवणारा कागद जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर अटक. वाचकहो, नव्या राज्यात बदली होताच रहिवासाच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या आपणा मंडळींनाही कागदाचा हा धाक थोडाफार परिचित आहे. पण आपल्याला त्यासाठी कोठडीत जावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर जमैकाचा २०१७ चा राष्ट्रीय ओळख व नोंदणी कायदा पाहावा. प्रत्येक नागरिकाची बोटांचे ठसे, बुबुळाची प्रतिमा अशा शारीरिक खुणांसह सक्तीची नोंदणी आणि प्रत्येकास एक क्रमांक अशी ती योजना होती. नोंदणी न करणे हा दंडनीय अपराध ठरला. विरोधी पक्षाचे सरचिटणीस ज्युलियन रॉबिन्सन यांनी कायद्यास आव्हान दिले. १२ एप्रिल २०१९ रोजी सरन्यायाधीश ब्रायन साइक्स यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने संपूर्ण कायदा घटनाबाह्य ठरवला.

मराठी वाचकाने या निकालपत्रात विशेष रस घ्यावा असे एक कारण आहे. आपल्या ‘आधार’चा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा मुख्यतः वैध ठरवला. एकटे भिन्नमत न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. ही दोन्ही मते साइक्स यांच्यासमोर होती. त्यांनी त्यांचा सविस्तर ऊहापोह केला आणि बहुमतापेक्षा चंद्रचूडांचे विवेचन आपणास अधिक पटते, असा कौल दिला. दिल्लीत अल्पमतात राहिलेला युक्तिवाद किंग्स्टनमध्ये निकालाचा आधार झाला! आणीबाणीतील जबलपूर खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते आणि तो निर्णय २०१७ च्या खाजगीपणाच्या निकालात त्यांच्याच चिरंजीवांनी चुकीचा ठरवला, हेही जाता जाता आठवते. भिन्नमताचे आयुष्य मोठे असते.

मी स्वतः आधारचा विरोधक नाही. शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती योग्य हाती पोहोचवण्याचे काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास बोगस नावांची डोकेदुखी ठाऊक असते. तरीही सक्ती आधी आणि संरक्षण मागाहून, हा क्रम मला पटत नाही. जमैकात २०१९ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. तो २०२० मध्ये संमत झाला आणि १ डिसेंबर २०२३ रोजी अमलात आला.

मधल्या काळात व्हायचे ते झाले. कोविडकाळात देशात येणाऱ्या प्रवाशांसाठी सरकारने एका खाजगी कंपनीकडून ‘जॅमकोविड’ नावाची यंत्रणा करून घेतली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडकीस आले की, तिचा माहितीसाठा पासवर्डाविना इंटरनेटवर खुला होता. ४ लाख २५ हजारांहून अधिक प्रवेशविषयक कागद आणि ७० हजारांहून अधिक चाचणी अहवाल कोणासही पाहता येत होते. येथे चोरास कुलूप फोडण्याचीही गरज नव्हती. त्याच वर्षी संसदेने ओळखपत्राचा नवा कायदा केला. या वेळी नोंदणी ऐच्छिक ठेवली. न्यायालयाने शिकवलेला धडा निदान तेवढा तरी गिरवला गेला.

त्रिनिदादची गोष्ट अधिक खेदजनक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील सरकारी भागीदारीच्या दूरध्वनी कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि ग्राहकांची माहिती बाहेर टाकली. कंपनीने आरंभी काही गेलेच नाही अशी भूमिका घेतली व नंतर ती बदलली. आधी इन्कार, मग खुलासा, मग चौकशी हा क्रम जगातील सर्व सचिवालयांत सारखाच असावा.

त्याच त्रिनिदादमध्ये जुन्या नोंदींना मात्र नवे मोल आले आहे. जुलै २०२५ मध्ये कूवा येथे पंतप्रधान मोदींनी तेथील भारतीय वंशाच्या सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याची घोषणा केली. पणजोबांचे गाव कोणते, हे सांगणारा कागद बहुधा एकच: गिरमिटियाचा तो परवाना. ज्या कागदाने माणूस मळ्यास बांधला, तोच त्याच्या वंशजास गावाकडची वाट दाखवतो आहे. नोंद लिहिणाऱ्या कारकुनाने याची कल्पनाही केली नसेल.

आणि माहिती संरक्षणाचा कायदा? त्रिनिदादने तो २०११ मध्येच संमत केला. २०१२ मध्ये त्यातील मोजकीच कलमे लागू झाली. ही रीत आम्हा मंडळींना अनोळखी नाही. आपला कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले.