वाटेवरची झाडं, नीरेचं पाणी आणि आपली दिंडी



स्मरणिकेच्या मंडळींनी दिंडीच्या वाटचालीचा इतिहास माझ्या गळ्यात घातला, तेव्हा मी आधी जुनी हिशेबाची वही मागून घेतली. कापडी पुठ्ठ्याची, वाळवीनं कडा खाल्लेली ती वही आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. तिच्यात ज्वारी किती पायल्या, गूळ किती, बैलांना पेंड, पाल शिवायला सुतळी असला रोजचा खर्च आहे. कीर्तन कुणी केलं, वीणा कुणाच्या गळ्यात होता, हे क्वचितच सापडतं. पण एक गोष्ट मात्र पानोपानी आहे. दुपारचा विसावा जिथं झाला त्या जागेला बहुतेक ठिकाणी गावाचं नाव नाही. दोन वडांपाशी, चिंचेखाली, मोटेच्या विहिरीवर, ओढ्याच्या अलीकडं, अशी खूण लिहिली आहे. लिहिणाऱ्याला झाड सांगितलं की जागा कळत होती. वाचणाऱ्यालाही कळत होती. म्हणून हा इतिहास मी माणसांच्या नावांनी लिहीत नाही. ती यादी या अंकात दुसरीकडं आहेच.

वारीला कुणी डोंगर-झाडं बघायला जात नाही, हे खरं. आपण पांडुरंगाला भेटायला जातो. पण अडीच-तीन आठवडे माणूस उघड्यावर चालतो, उघड्यावर जेवतो आणि पालात निजतो. मग पाऊस, चिखल, वारा, सावली यांच्याशी त्याचा संबंध येतोच, आणि माझ्या अनुभवानं सांगतो, नामाइतकाच तो अंगात मुरतो. आमचे आजोबा वीस-बावीस वाऱ्या चालले. मंदिराबद्दल ते फार बोलत नसत. वाटेबद्दल मात्र विचारलं की तासभर सांगत.

आता थोडं मागचं सांगतो, कारण तरुण मुलांना वाटतं की हा सोहळा पहिल्यापासून असाच चालत आला. पंढरीची पायी वारी ज्ञानोबा-तुकोबांच्याही आधीची. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला, आणि ज्ञानोबा-तुकोबा असा एकत्र गजर करत तो जाऊ लागला. पुढं हैबतबाबा आरफळकरांनी, म्हणजे शिंद्यांच्या पदरी असलेल्या सरदारानं, 1832 च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा मांडला. हत्ती-घोडे, जरीपटका, चोपदार, दिंड्यांचा क्रम ही सगळी शिस्त तिथून आली. फौजेतला माणूस होता ना! त्या शिस्तीतच शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावचे मोजके टाळकरी जाऊन उभे राहिले.

निघायची जागा बघा. आळंदीत समाधीपाशी अजानवृक्ष आहे. परंपरा सांगते की या अजानवृक्षाची मुळी माउलींच्या गळ्याला लागली, तसा दृष्टांत नाथमहाराजांना झाला, ते पैठणहून आले आणि त्यांनी ती मुळी दूर केली. देहूला नांदुरकीचं झाड, जिथून तुकोबा वैकुंठाला गेले असं आपण मानतो. अरणला सावता महाराजांचा मळा. तुकोबा तर गाव सोडून भंडाऱ्यावर, भामचंद्रावर जाऊन बसत. आपल्या संतांच्या आठवणी अशा झाडाला, मळ्याला, डोंगराला बांधलेल्या आहेत. आजी आळंदीहून परतताना अजानवृक्षाचं गळून पडलेलं पान पदराला बांधून आणायची आणि पोथीत ठेवायची. झाडावरचं पान तिनं कधी तोडलं नाही, आम्हालाही तोडू दिलं नाही.

शेतकऱ्याची वारी म्हणजे नक्षत्रांची वारी. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, 21-22 ला आर्द्रा, जुलैच्या 5-6 ला पुनर्वसू, ज्याला आपण तरणा पाऊस म्हणतो, आणि मग म्हातारा पुष्य. मृगात पेरणी साधली तर माणूस मोकळ्या मनानं निघायचा. नाही साधली तर पोराच्या हवाली बी-बियाणं करून निघायचा, पण निघायचाच. अधिक महिना आला की वारी जुलैत पुढं सरकते, त्या वर्षी पिकं वीतभर वर आलेली दिसतात. आणि सगळ्या वाटेवर बोलणं काय? टाळ थांबला की याच गोष्टी. इकडं बाजरी उगवली, तिकडं कोळपणी चालू झाली, ही जमीन काळी, ही मुरमाड, इथं दुबार पेरणी होणार. मृगाचे लाल मखमली किडे वाटेवर निघाले की डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया पाऊल चुकवून चालायच्या. पावश्या ओरडला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "माउली, आम्ही पेरून आलोय रे बाबा!"

पुणं सोडलं की दिवेघाट. त्याची छायाचित्रं आता घरोघरी आहेत, त्यामुळं वर्णन करत नाही. रथाला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचं ते 1973 सालचं. आदल्या वर्षी पाऊस गेलेला. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या दिंडीतली निम्मी माणसं वर्षभर दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडत होती. टाळ धरला तरी हाताचे घट्टे दिसत. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, आजोबांचं बोट धरून. घाटाच्या मध्यावर पाऊस आला, आणि चांगला आला. छत्र्या कुणाकडं नव्हत्या, इरली आणि पोती होती. पण ती कुणी डोक्यावर घेतलीच नाहीत. म्हातारी माणसं तोंड वर करून उभी राहिली. भजन थांबलं, विणेकरी बाबा तेवढे तारा छेडत राहिले. आजोबांनी खाली वाकून वाटेवरचा चिखल कपाळाला लावला. मला वाटलं बुक्का लावताहेत. मग त्यांनी तेच बोट माझ्याही कपाळाला टेकवलं. पंढरीत त्या वर्षी दर्शन कसं झालं, मला आठवत नाही. घाट मात्र आठवतो.

घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत सोहळा नीरेवर येतो. दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात आणि पलीकडं सातारा जिल्हा लागतो. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणाला बोचली तरी. जुन्या काळी नदी सगळी निर्मळ होती आणि आता बिघडली, असं आपण सरसकट म्हणतो. पटकीनं किती वारकरी घेतले, हे आपण विसरलो. ज्या चंद्रभागेत अंघोळ, तिचंच पाणी पिण्याला, आणि तीरावर लाखो माणसं. साथ आली की जत्रेतून ती गावोगाव जायची. आपल्या वहीत एका वर्षी गेलेली माणसं आणि परत आलेली माणसं यांचा आकडा जुळत नाही. पुढं एकही शब्द लिहिलेला नाही. पुढच्या काळात पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरीत जाता येत नसे, हे आमच्या वडिलांच्या पिढीनं पाहिलं. दंड सुजायचा, ताप यायचा, तरी चालायचे. तेव्हा टँकरच्या पाण्याला नावं ठेवू नयेत. नदीला आई म्हणायचं आणि पिण्याचं पाणी गाळून, औषध टाकून घ्यायचं, यात काही विसंगती नाही.

पाण्याची दुसरीही गोष्ट आहे. नीरेच्या खोऱ्यात भाटघर झालं, वीर झालं, भीमेवर 1980 साली उजनी पुरी झाली. आता स्नानाला पाणी हवं तर धरणातून सोडतात. पूर्वी पात्रात पाणी किती आहे यावरून पाऊसमान कळायचं, आता तसं कळत नाही. पण याच कालव्यांनी माळशिरसकडचा मुलूख बदलला. आजोबांच्या आठवणीत फलटण सोडलं की नुसतं माळरान, तरवडाची पिवळी फुलं, बाभळी आणि मेंढरं. बरडला मुक्काम पडला की जुनी माणसं गावाच्या नावावर हसायची. आता त्याच वाटेवर दोन्ही अंगांनी ऊस लागतो. पूर्वी तिथं भाकरीसाठी झोळी फिरवावी लागे, आता गावकरी पंगती वाढून वाट बघतात. मला ऊस फार आवडतो असं नाही, पण ही गोष्टही लिहून ठेवली पाहिजे.

त्याच टप्प्यात लोणंदच्या पुढं, तरडगावच्या अलीकडं, चांदोबाचा लिंब. माउलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. इतका मोठा सोहळा आणि जागेची ओळख एका लिंबाच्या झाडावरून! तुकोबांच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं, पालखीभोवती धनगरांची मेंढरं धावतात. आपल्या काही बाया एका वर्षी मुद्दाम तिकडून चालल्या. मेंढ्यांच्या खुरांची धूळ आपल्या अंगावर घेतली म्हणून महिनाभर सांगत होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मला अवघड गेला तिच्याकडं येतो.

वहीतल्या त्या दुपारच्या विसाव्यांपैकी वड, चिंचा, लिंब अशी झाडं धरून मी चौदा खुणा काढल्या. तीन वर्षांपूर्वी चालताना एकेक शोधली. खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले रस्त्याकडेचे वड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे होते. 8 नोव्हेंबर 2021 ला दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरी कामाचं भूमिपूजन झालं. रस्ता मोठा झाला, चालणाऱ्यांसाठी बाजूला वाट आखली गेली, अपघात कमी व्हावेत हा हेतू आहे आणि तो चांगला आहे. भरधाव ट्रकच्या शेजारून रात्री चालताना जीव मुठीत धरणारे आपणच होतो. पण रुंदीकरणात झाडं गेली. चौदांपैकी मला चार सापडली. दोन ठिकाणी बुंधे होते. बाकीच्या जागा ओळखू येत नव्हत्या. जीपगाडीतून जाणारा माणूस म्हणेल, चार काय आणि चौदा काय. जो माणूस दुपारी बारा वाजता अनवाणी चालतो त्याला त्यातला फरक तळपायाला कळतो.

दोन वडांची जागा तर आपली पिढीजात. तिथं दिंडी जेवायची, आंधळ्या-पांगळ्यांना सावलीत आधी बसवायची, मग एका वडाला वीणा टेकवून ठेवायची. इतर कुठं वीणा जमिनीला टेकत नाही, पण त्या पारावर स्वच्छ घोंगडी टाकून ठेवायची मोकळीक जुन्या मंडळींनी दिली होती. दोन्ही वड गेल्यावर पहिल्या वर्षी दिंडी तिथं आली आणि सवयीनं थांबली. पुढं ट्रक उभा होता, त्याच्या सावलीत बसलो. विणेकरी मात्र बसले नाहीत. सगळं जेवण होईपर्यंत वीणा गळ्यात घेऊन उन्हात उभे राहिले. कुणी काही बोललं नाही.

मुक्कामाला गेल्यावर वाद झाला. तरुणांचं म्हणणं, पुढच्या गावात पत्र्याचं मोठं शेड आहे, पंखे आहेत, नळ आहे, विसावा तिथं हलवू. म्हाताऱ्यांचं म्हणणं, जागा सोडायची नाही. दोन्ही बाजूंना बोलणारे चढ्या आवाजाचे. शेवटी थोरल्या काकू उठल्या. त्यांनी 2020 ची आठवण काढली. कोरोनाच्या त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आपण घरीच राहिलो. तेव्हा पहाटे आठ-दहा जण अंतर ठेवून, वीणा घेऊन, आपल्याच शिवाराला फेरी घालत होतो. पहिल्या दिवशी चुकल्यासारखं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी ओढ्याकाठचा पिंपळ आला की पावलं आपोआप थांबू लागली. काकू एवढंच म्हणाल्या, "पिंपळाखाली थांबलोच की नाही आपण? मग हितं पण लावा एक, आन् तोवर शेडात जेवा."

तसंच ठरलं. रस्त्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकरी माउलीच्या बांधावर, त्यांच्या परवानगीनं वडाची फांदी लावली. ती उन्हाळ्यात जळाली. दुसऱ्या वर्षी लिंबाचं रोप नेलं, कारण शेतकऱ्याचं म्हणणं पडलं की वड बांध फोडील आणि पिकावर सावली धरील, लिंब चालेल. त्याचा शेंडा शेळीनं खाल्ला. गेल्या वारीला पाहिलं तर खालून दोन फुटवे निघालेले, कमरेला लागतील एवढे. शेतकऱ्यानं भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या आहेत आणि ठिबकची एक नळी वळवून दिली आहे. आपण जेवतो शेडात. पण जाताना दिंडी त्या बांधापाशी उभी राहते, प्रत्येक जण आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओततो, आणि विणेकरी एक अभंग उभ्यानं म्हणतात. या साली हिशेबाची नवी वही घातली. पहिल्या पानावर त्या दुपारच्या विसाव्यापुढं लिहिणाऱ्या पोरानं गावाचं नाव टाकलं होतं. ते तसंच ठेवून मी शेजारी लिहिलं, लिंबापाशी.