आईविना वाढणारीं पिलें

रेल्वे स्टेशनाबाहेर किंवा आठवड्याच्या बाजारांत एखादा फिरता विक्रेता जाळीची टोपली घेऊन उभा असतो. टोपलींत गुलाबी, हिरवीं, जांभळीं अशीं कोंबडीचीं पिलें चिवचिवत असतात. मुलांचा हट्ट हा आईबापांच्या विवेकापेक्षां नेहमींच बळकट असल्यामुळें त्यांतलीं दोनचार पिलें कागदी खोक्यांत बसून वसई रोड स्टेशनच्या पूर्वेकडील एव्हरशाईन सिटीसारख्या वस्तींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर येऊन पोंचतात. पहिल्या दिवशीं घरांत आनंदीआनंद असतो. दोनतीन दिवसांनीं सकाळीं एक पिलूं मान टाकून पडलेलें आढळतें; दुसरें संध्याकाळपर्यंत जातें. मुलें रडतात, मोठीं माणसें रंगाला दोष देतात आणि प्रकरण तेथेंच मिटतें. रंग निर्दोष आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पिलूं मरण्याचें खरें कारण त्याहून पुष्कळ जुनें आहे, आणि तें समजून घ्यावयाचें तर कोंबडीच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

कोंबडीचें मूळ माहेर आग्नेय आशियांतील रान हें होय. तेथील तांबडा रानकोंबडा हा आजच्या सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज. निश्चितपणें पाळीव म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळीं सांपडलीं असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १६५० ते १२५० असा असल्याचें २०२२ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. या वंशावळींत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून तो दक्षिण हिंदुस्थानच्या रानांत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालीं आनुवंशिक परीक्षेनें सिद्ध झालें. बाजारांतील पिवळ्या पायाची कोंबडी विकत घेणाऱ्यास आपण सह्याद्रीची एक खूण घरीं नेत आहों, याची कल्पनाही नसते.

वसईच्या परिसरांत हा पक्षी केव्हां आला, हें सांगणारा लेख नाहीं. एव्हरशाईन सिटीपासून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यास अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. त्यांत कोंबड्याचें नांव नाहीं. मात्र त्याच अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत कोंबडे खच्ची करूं नयेत, अशी आज्ञा कोरवून ठेवली आहे. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते ती सर्रास चालत असली पाहिजे, हें उघड आहे. मनुस्मृतीनें गांवकोंबडा द्विजांस निषिद्ध ठरविला, यावरूनही तो गांवांत भरपूर होता इतकें खासच ठरतें!

पुढें १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. राज्यें बदललीं तरी अंगणांतील खुराडें बदललें नाहीं. नारळी, केळी आणि पानवेली यांच्या वाड्यांतून कुपारी ख्रिस्ती, आगरी, कोळी, वारली अशा नाना समाजांच्या घरीं चारसहा कोंबड्या असत. त्यांच्यासाठीं वेगळा खर्च नसे. झोडणीच्या वेळीं सांडलेलें भात, उष्टें-खरकटें आणि मातींतील किडेमुंग्या यांवर त्यांचें भागे. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राही. त्यांतून मुलाची पाटी येई, आजाऱ्याचें औषध येई, आणि त्याचा हिशेब कोणी विचारीत नसे.

अशा घरांत कोंबड्या पाळण्यास आरंभ करणें म्हणजे पिलें विकत आणणें नव्हे. एखादी कोंबडी अंडीं घालणें थांबवून अंग फुलवून बसली, जवळ जातां गुरगुरूं लागली, कीं ती खुडूक झाली असें समजून तिला अंधाऱ्या कोपऱ्यांत पेंढा घातलेल्या टोपलींत दहाबारा अंड्यांवर बसवीत. एकवीस दिवस ती दिवसांतून थोडा वेळच उठे. अंडीं उलटीं-सुलटीं करणें, त्यांना ऊब देणें हें सर्व तीच करी. पिलें निघालीं म्हणजे पंखाखालीं घेणें, दाणा टिपावयास शिकविणें, घारीची सावली दिसतांच एका विशिष्ट आवाजानें सर्वांस लपविणें, हेंही तिचेंच काम. रात्रीं आई-पिलांवर डालगें पालथें घातलें कीं मांजर-मुंगसाचें भय सरे. माणसाच्या वाट्याला एवढें डालगेंच काय तें येई.

ही व्यवस्था मोडली ती सातासमुद्रांपलीकडे. अंडीं उबविण्याच्या भट्ट्या ईजिप्तमध्यें प्राचीन काळापासून होत्या. परंतु १८७९ सालीं कॅलिफोर्नियांतील पेटॅलुमा गांवीं लायमन बाइस यानें उष्णता आपोआप नियंत्रित करणारें व्यवहारोपयोगी यंत्र बनविलें आणि कोंबडीच्या जागीं पेटी आली. त्यानंतर १८९२ सालीं न्यू जर्सींतील जोसेफ विल्सन यानें एक दिवसाचीं पिलें रेल्वेनें शिकागोकडे रवाना केलीं. दाणापाणी न देतां तीं जगलीं कशीं? अंड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं पिलूं उरलेला बलक पोटांत ओढून घेतें, आणि त्या शिदोरीवर त्याला दोन-तीन दिवस कांहीं न खातां काढतां येतात. सर्व अंडीं एकाच घटकेस फुटत नाहींत. मागाहून येणाऱ्या भावंडांसाठीं आई बसून राहील तोंवर आधीं निघालेल्यांनीं उपाशी मरूं नये, म्हणून निसर्गानें ही सोय केली आहे. व्यापाऱ्यानें ती आपल्या कामीं लावली. १९१८ पासून अमेरिकेच्या टपालखात्यानें पिलांचीं पार्सलें घेण्यास सुरुवात केली. टोपलींतील रंगीत पिलूं घरीं येतें तेव्हां टवटवीत दिसतें, तें या शिदोरीमुळें. ती संपतांच खरी परीक्षा सुरू होते.

यंत्र आल्यावर खुडूक कोंबडी हा तोटा वाटूं लागला. खुडूक असतांना ती अंडीं देत नाहीं. म्हणून पिढ्यानुपिढ्या निवड करून अशा जाती वाढविल्या कीं त्यांना अंड्यांवर बसण्याची आठवणच राहूं नये. गांवठी कोंबडी वर्षाला साठएक अंडीं देते, तर पांढऱ्या लेगहॉर्नच्या सुधारलेल्या वाणाची कोंबडी तीनशेंच्या घरांत जाते. पण ती आई मात्र क्वचितच होते. पुढें अंड्यांची जात व मांसाची जात वेगळी झाली. अंड्यांच्या जातींतील नर अंडींही देईना आणि अंगानेंही भरेना. जपान्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत एक दिवसाच्या पिलाचा नर-मादी भेद ओळखण्याची रीत शोधली, तेव्हांपासून असे नर पहिल्याच दिवशीं बाजूला पडूं लागले. बाजारांतील गुलाबी-हिरवीं पिलें बहुतेक याच नको असलेल्या नरांपैकीं असतात. अंड्यांच्या आशेनें तीं घेणाऱ्याची फसगत येथेंच झालेली असते.

महाराष्ट्रांत इंग्रजी अमदानींत पुण्याजवळ खडकीच्या सरकारी केंद्रांत विलायती जातींची पैदास होत असे. तथापि घरोघरचा व्यवहार पालटला तो १९७१ सालीं बी. व्ही. राव यांनीं पुण्यास व्यंकटेश्वर हॅचरीज स्थापन केल्यानंतर. अंडें स्वस्त झालें, शहरी घरांत तें उजळ माथ्यानें शिरलें, हा लाभ लहान नव्हे. मात्र पिलूं आणि आई यांची गांठ कायमची सुटली. आज जो कोणी पिलांपासून आरंभ करतो, त्याला पांचसहा आठवडे स्वतःच कोंबडी व्हावें लागतें.

कोंबडी होणें म्हणजे प्रथम ऊब देणें. पिलांना पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती तीनएक अंशांनीं कमी करीत न्यावयाची. अंगावर खरीं पिसें येईपर्यंत पिलूं आपल्या शरीराचा ताप राखूं शकत नाहीं. पूर्वीं साठ वॅटचा पिवळा दिवा खोक्यावर टांगला कीं काम भागे. आतांचा एल्.ई.डी. दिवा प्रकाश देतो, पण त्याची ऊब पिलांच्या कामाची नसते. आणि त्याच्याखालीं पिलें ठेवून निश्चिंत झोंपणाऱ्या घरांत सकाळीं जें दिसतें तें आरंभीं सांगितलेंच आहे. खोक्याला कोपरे असूं नयेत. थंडी वाजली कीं पिलें कोपऱ्यांत एकमेकांवर चढतात व खालचीं गुदमरतात. म्हणून पुठ्ठ्याचें गोल कडें करून आंत भाताचें तूस पसरतात व पहिले दोनतीन दिवस त्यावर कागद अंथरतात, म्हणजे पिलें दाण्याऐवजीं तूस टिपीत नाहींत. प्रत्येक पिलाची चोंच एकदां पाण्यांत बुडवून द्यावी लागते. हेंही आईचेंच राहिलेलें काम!

खाण्याविषयीं एक गैरसमज कोकणांत फार आहे. तांदळाच्या कण्या घातल्या कीं झालें, असें लोकांस वाटतें. सुमारें १८९० नंतर जावांतील बटाव्हिया येथें क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरानें पाहिलें कीं इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील पांढऱ्या, सडलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि न सडलेला तांदूळ दिला कीं त्या सावरतात. या निरीक्षणांतून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट उघडली व आइकमान यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. आईबरोबर हिंडणारें पिलूं वाळवी व किडे खाऊन ही उणीव भरून काढतें. खोक्यांतील पिलाला तें शक्य नाहीं. पहिल्या दिवशीं मक्याचा बारीक भरडा चालतो, पण नंतर वीसएक टक्के प्रथिनें असलेलें पिलांचें तयार खाद्य आठ आठवडे द्यावें, यांत काटकसर करूं नये.

रोगांपैकीं सर्वांत घातक तो मानमोडी. १९२६ सालीं जावांत व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें तो ओळखला गेला आणि लवकरच कुमाऊंतील राणीखेत येथें आढळल्यामुळें आपल्याकडे त्यास तेंच नांव पडलें. एका आठवड्यांत गांवचीं खुराडीं रिकामीं करणारा हा रोग; १९४० ते १९५० या दशकांत मुक्तेश्वरच्या संशोधकांनीं त्यावर लस सिद्ध केली. पिलांना पहिल्या आठवड्यांत सौम्य लसीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोंचणी, हा क्रम चुकवूं नये. वसईच्या पावसाळ्यांत तूस ओलें राहिलें कीं रक्ती हगवण लागते. त्यावर कोरडेपणासारखें औषध नाहीं. आणि बर्ड फ्लूचा विसर पडूं नये. फेब्रुवारी २०२२ मध्यें शहापूर तालुक्यांतील वेहळोळीस तो निघाला, हजारों पक्षी नष्ट करावे लागले, आणि त्याच सुमारास वसई-विरार भागांतही तो आढळला. पक्षी एकाएकीं मरूं लागल्यास गुपचूप पुरण्याऐवजीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें हें शेजाऱ्यांविषयींचें कर्तव्य आहे.

वसईचें अंगण मात्र झपाट्यानें आकसलें. १९९० सालीं येथील नियोजन सिडकोकडे गेलें. हिरवी वसई राखण्यासाठीं लोकांनीं चळवळ केली, तरी इमारती वाढतच गेल्या. महानगरपालिका २००९ सालीं झाली, पालघर जिल्हा २०१४ सालीं. एव्हरशाईन सिटींतील बहुतेक बिऱ्हाडांस मातीचा स्पर्श म्हणजे गॅलरींतील तुळशीची कुंडी. अशा बिऱ्हाडानें या नादास न लागणें हेंच पिलांवर उपकार होय. परंतु ज्याचें घर तळमजल्यावर आहे, किंवा ज्याची पश्चिमेकडे जुनी वाडी शिल्लक आहे, त्यानें सोसायटीचा व पालिकेचा नियम विचारून पांचसहा पिलें अवश्य आणावींत. हैदराबादेस तयार झालेली वनराजा किंवा बंगळूरची गिरिराजा या जाती परसांतील जीवनास सोसतात. नवख्यानें एक दिवसाच्या पिलांऐवजीं लस दिलेलीं महिन्याचीं पिलें घेतलीं तर अर्धी जोखीम दुसऱ्यानें पत्करलेली असते.

ज्यांच्या घरीं आज रात्रीं खोक्यांत पिलें आहेतच, त्यांनीं कढत पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी, दर दोनतीन तासांनीं ती बदलावी आणि खोक्यांत पाहावें. पिलें बाटलीला चिकटून मोठ्यानें ओरडत असलीं तर त्यांना थंडी वाजत आहे. चोंची उघडून दूर पळालीं असलीं तर ऊब जास्त झाली. सगळीकडे विखरून, मंद आवाजांत चिवचिवत असलीं तर झोंपावयास हरकत नाहीं.