गुलाबात मिसळलेलं गवत

परवा सुनेनं सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरात एक छोटं यंत्र आणून लावलं. पाण्यात तीन थेंब टाकायचे, गार वाफ सुटते, झोप चांगली लागते म्हणे. बाटलीवर नाव होतं ‘पामरोसा’. मी झाकण उघडून वास घेतला आणि थेट आईच्या फडताळासमोर उभा राहिलो. हे तर रोशाचं तेल!

आम्ही मूळचे शहाद्याकडचे. वडील साठच्या दशकात इथल्या पोलाद कारखान्यात लागले. गावाहून येणाऱ्या सामानात कधीमधी रोशाची शिशी असे. वडील पाळीवरून परतले की आई तिळाच्या तेलात चार थेंब घालून त्यांचे गुडघे चोळायची. गुण तेलाचा होता की चोळण्याचा, हे कुणी विचारलं नाही.

रोशा म्हणजे रोहिष गवत. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. खानदेश, निमाड, बैतूल इथल्या माळांवर ते आपसूक वाढे. पावसाळा सरता सरता फुलोरा आला की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. कढईत गवत आणि पाणी, वर झाकण, फटी उडदाच्या पिठानं बंद, आणि बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. एवढ्या खटाटोपातून शंभर किलो गवतामागे जेमतेम अर्धा किलो तेल हाती येई.

हे तेल गुडघ्यांपुरतं थोडंच होतं! एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करत आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळत. कझानलिकच्या अत्तराला जगभर मान होता, त्यात आमच्या माळावरचं गवत किती होतं कोण जाणे. युरोपच्या बाजारात या तेलाचं नाव होतं ‘तुर्की जिरॅनियम तेल’. ते तुर्कस्तानचं नव्हतं आणि जिरॅनियमचंही नव्हतं.

भेसळ नाकाला कळत नसे, कारण दोन्हींत एकच द्रव्य आहे. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हिंदुस्थानातल्या याच गवताच्या तेलातून ते शुद्ध रूपात वेगळं केलं. गवत आपलं, तरी त्याला नाव मिळालं जिरॅनियॉल! पुढे १९३७ मध्ये फ्रान्समधल्या गातफोसे या सुगंधरसायनतज्ज्ञानं ‘अरोमाथेरपी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि सुनेच्या यंत्रावरचा शब्द रूढ झाला.

मी या उपचाराला हसत नाही. वासानं मन निवतं, हे आमच्या घरानं पाहिलंय. मात्र सून तेच तेल तसंच मनगटाला लावू लागली तेव्हा तिला थांबवलं. नुसतं लावलं तर कातडी चुरचुरते. आई उगाच तिळाचं तेल घेत नव्हती. राग येतो तो बाटलीचा. आधी गुलाबाच्या नावाखाली गेलं, मग तुर्कांच्या, आता पामरोसाच्या. भट्टीपाशी धुरात बसलेल्या माणसाचा पत्ता कुठल्याच लेबलावर नाही.

“आजी याला काय म्हणायच्या?” सुनेनं विचारलं. मी सांगितलं. तिनं पेन घेतलं, बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, ‘रोशा’. शकाराला काना द्यायला मात्र विसरली. तो मी दिला.